आधी माझा घास

चामराजपेट, बंगळूर
१७ ऑगस्ट १९५९

ती. सौ. आईस,
प्रमोदिनीचा वाकून नमस्कार.

माझी तब्येत आता छान आहे. मागच्या महिन्यात नळावर चक्कर येऊन पडले होते, ते तुला मुद्दामच कळवले नाही. रागावू नकोस.

सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांना भरवून, धुणे उरकून मी जेवायला बसे तेव्हा उन्हे उतरलेली असत. मी पडले ते त्यांनी खाटेवरून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी त्या तोंडच उघडेनात. वाचा गेलेली, विचारणार कसे? मी रडकुंडीला आले. शेवटी त्यांनी चालत्या डाव्या हाताने भाताची वाटी माझ्याकडे ढकलली.

शेजारच्या यल्लव्वाअक्का दारातून हसल्या, "अगं, तुला जेव म्हणतायत त्या. स्वल्प खा की!"

थोरल्यांच्या आधी जेवायचे अगदी जिवावर आले. तरी ताट वाढून घेतले, एक घास खाल्ला. सासूबाईंनी लगेच आ केला!

आता आम्ही दोघी एकदमच जेवतो. दुपारी अक्का त्यांच्याजवळ बसतात, मी जरा पडते. अशी सासू, अशी शेजारीण मिळायला नशीब लागते गं.

बाबा अजून अंथरुणातच आहेत का? त्यांना तूच भरवतेस ना? मग तू कधी जेवतेस, ते एकाही पत्रात नसते. हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. तोंड कधी मिटून घ्यायचे, ते त्यांनाही कळू दे.

पोटभर जेवलेली तुझी,
प्रमोदिनी