तोरणमाळच्या वाटेवरची बाई

कळसाडी,
ता. ९ एप्रिल १९६३

तीर्थरूप बापूंना सरलाचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. ऊन फार आहे, केळीला सारखं पाणी धरावं लागतं. धाकट्या दिरांचं आणि आपल्या रुक्मिणीचं लग्न वैशाखातच उरकू, असं सासूबाई म्हणत होत्या. आईचे गुडघे कसे आहेत?

शनिवारी ह्यांच्या जीप क्लबाबरोबर आम्ही तोरणमाळच्या डोंगरावर जंगलात मुक्कामाला गेलो. मिलिटरीच्या लिलावातल्या तीन जीपा, त्यांचे मालक आणि एक डॉक्टर. बायकांत मी एकटीच. नाल्याकाठी तंबू ठोकले, वांगी भाजून भरीत केलं. चारी चाकांच्या जोरावर जीप दगडांतून कशी चढते, ते ह्यांनी मला शेजारी बसवून दाखवलं. इतके खूश मी त्यांना लग्नानंतर पाहिले नव्हते.

रविवारी परत निघालो. आधी खाली कोण उतरतं, अशी पैज लागली. एका वळणावर एक पावरा आदिवासी बाई मोहाची फुलं वेचून टोपली घेऊन येत होती.

बापू, वर खुशाल लिहिलं ते खरं नाही.

आमच्या जीपने तिला उडवलं. ती शुद्धीत होती. मी उतरून तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, लगेच दवाखान्यात नेली तर वाचेल. हे म्हणाले, “पोलिसनं लफडं व्हई. गाडीमा टाकू नका तिले.”

कोणीच पुढे झालं नाही. डॉक्टरही नाहीत. तिला झाडाच्या सावलीला ठेवलं. तिने माझं मनगट धरलेलं होतं. ह्यांनी तिची बोटं सोडवली आणि मला म्हणाले, “चाल, बठ.”

मी बसले. वाटेत तिचा पाडा लागला असेल, तिथेही कोणी थांबलं नाही.

काल तिचा नवरा आला, नवलसिंग. तिचं नाव भिकुबाई. रविवारी संध्याकाळी ती त्याला झाडाखाली सापडली, गेलेली. ज्यांच्याकडे जीप आहे त्यांच्या दारी तो पायी फिरत होता. हे ओट्यावरूनच म्हणाले, “आमनी गाडी त्या बाजूले गयीच नही.”

तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, “मरताना पानी तरी भेटनं का तिले?”

मी दारात उभी होते. म्हणाले, “भेटनं. मी पाजं.”

तो खाली बसला आणि फडक्यात तोंड घालून रडला. हे आत निघून गेले. बुधवारी तुझ्याबरोबर ठाण्यावर येईन, असं मी त्याला सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, “तुन्ही बहीणनं लगन मोडनं समज.” हे एकदाच बोलले. उद्या मी नवलसिंगाबरोबर शहाद्याच्या ठाण्यावर जबाब द्यायला गेले, तर ह्या घरात परत यायचं नाही.

मी जाणार आहे.

रुक्मिणी माझ्यावर रागावेल. रागावू द्या. पण ह्यांनी लग्न मोडलं नाही, तरी तुम्ही मोडा. तिला इथे देऊ नका.

ठाण्यावरून मी धानोऱ्याला तुमच्याकडे येईन. तुम्ही दार उघडलं नाही, तरी आईला एकदा ओट्यावर येऊ द्या.

तुम्ही म्हणाल तर तुमची,
सरला