मायचे चार आकडे

मंगळवार, मे २०२१. शेंद्रा, खोलीवर.

मायची लस आज हुकली. माझ्यामुळं हुकली. आठ दिवस मोबाईल चाळून तिचं नाव लावलं होतं, गावाकडं फर्दापूरच्या शाळेत, सकाळी अकराला. कंपनीत मोबाईल गेटवरच ठेवून घेतात. सुट्टी झाल्यावर बघितलं तर मायचे सात फोन येऊन गेलेले.

लावला तर म्हणाली, "अरं, सिस्टर चार आकडे मागत व्हत्या. तुज्या फोनवर आलेत म्हणल्या. आकड्याबिगर सुई नाय."

आकडे कालच आले होते. लांबलचक इंग्रजी मेसेज, त्यात खाली चार आकडे. मी सातवीतून शाळा सोडलेला, मला काय कळणार? पण बाजूच्या खोलीतल्या सुपरवायझरला विचारता आलं असतं की. लाज वाटली. सगळ्यांना सांगत फिरलो होतो, मायचा नंबर मी स्वतः लावला म्हणून. आज विचारलं त्याला. म्हणाला, ते आकडे आजच्यापुरतेच होते, पुढच्या वेळी नवे येतील.

पुढची वेळ कधी? मोबाईलवर केंद्रांच्या यादीत सगळीकडं लाल दिसतंय, म्हणजे जागा भरलेल्या. मायला शुगर. शेजारची रखमाकाकी गेल्या आठवड्यात कोरोनानं गेली. आणि आज माय दोन तास त्या गर्दीत उभी होती.

आत्ता परत फोन केला, नवे आकडे येतील म्हणून सांगायला. माझ्या आधी तीच बोलली, "सांग बरं ते आकडे, पाठच करते. पुढल्या बारीला चुकायचं नाय."

मला खरं सांगवलं नाय. तेच जुने आकडे सांगितले. तिनं दोनदा म्हणून दाखवले. एकदाही चुकली नाय.