सिस्टरची पेटी आणि कूलर

मंगळवार, मे २००८
जुना जालना

आज नेटकॅफेत पाहिलं तर शेवटी एक कॉमेंट आली होती. सिस्टरचं वादन नेटवर टाकून वर्ष होत आलं, कुत्रंही फिरकलं नव्हतं.

सिस्टर मूळच्या स्पेनच्या. इथल्या मिशनच्या दवाखान्यात जन्म काढला. त्यांच्याकडच्या चर्चमधलं तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत माझ्या भजनाच्या पेटीवर वाजवायच्या. म्हणायच्या, "गुरुजी, तिकडं बी आता हे कोणी वाजवत न्हाई." म्हणून टेप करून घेतलं. उन्हाळा होता, कूलर चालू. बंद केला असता तर सिस्टरला चक्करच आली असती.

आणि कॉमेंट काय? "मागे सतत वाजणारं ते वाद्य कोणतं? फार सुंदर."

कूलर हाय बाबा तो, कूलर! पेटीबद्दल एक अक्षर न्हाई.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मंग कळवून टाका ना त्याला." काय कळवू? सिस्टर तर गेल्या.

आत्ता लाइट गेली. कूलर थांबला, घर बिलकुल गप्प. म्हटलं, निदान आपण तरी ती चाल नीट आठवावी. डोळे मिटून बसलो. कूलरची घरघर आधी आली. त्याच्याशिवाय चाल येतच न्हाई.