उरलेल्या नोंदी

४ मार्च, सोमवार

आलो, स्थिरावलो. खोली पाहताक्षणी आवडली. पूर्वेला खिडकी, खिडकीशी टेबल, मागच्या भिंतीला उंच लाकडी कपाट. घरमालकीण काकू बोलक्या आहेत. आधीचा भाडेकरू माझ्याच कंपनीत, माझ्याच जागेवर होता आणि ते कपाट त्यानेच ओढत नेऊन मागच्या भिंतीला लावलं, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. मी ते तिथेच राहू दिलं. जड आहे.

ऑफिसात सगळी तरुण मंडळी. पन्नाशीला टेकलेला मी एकटाच, त्यामुळे पहिल्याच दिवशी माझा ‘गुरुजी’ झाला. काम मनासारखं आहे. पडद्यावर चित्र काढणारी चिप आपण किती ठिपके काढले, कुठे अडलो, याच्या नोंदी सतत करत असते. त्या बफरमध्ये साठतात. बफर म्हणजे गोल फिरणारी पाटीच. वेळेवर वाचली नाही तर जुन्यावर नवं लिहिलं जातं. या नोंदी वाचता याव्यात म्हणून कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या गाभ्यात, चिप चालवणारा जो ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम असतो, त्यात एक दार ठेवायचं. ते कसं उघडावं, कसं मिटावं, हे मी ठरवायचं. बायकोला फोनवर हे समजावताना ‘कर्नल’ म्हटलं, तर म्हणाली, या वयात फौजेत कशाला गेलात.

६ मार्च, बुधवार

आधीच्या माणसाचा आराखडा वाचला. नेटकं काम. दार उघडं असेतोवर चिपला झोपू द्यायचं नाही, हे त्याने योग्यच ठेवलं आहे. एक नियम मात्र खटकला. दार मिटताना बफरमध्ये ज्या नोंदी उरतील, त्या न वाचता टाकून द्यायच्या. शेजारच्या टेबलावर एक उंच इंजिनियर बसतो, त्याला सगळे जिराफ म्हणतात. त्याला विचारलं, असं का. तो म्हणाला, त्याने कारण कधी सांगितलं नाही, उरलेलं वाचायचं नसतं एवढंच म्हणायचा.

मला हे पटेना. आमच्या गावच्या शाळेत ताटात कण उरला तर मास्तर उठू देत नसत. मी नियम बदलला. शेवटची नोंद वाचून झाल्याखेरीज दार मिटणार नाही. प्रमुख बाईंनी मान डोलावली. जिराफ म्हणाला, “गुरुजी, तुमच्या राज्यात काही वाया जायचं नाही.”

११ मार्च, सोमवार

आमची ठमी संगणकावर चित्रं करायला शिकते आहे. लेकीचं यंत्र सारखं अडखळतं, म्हणून बाईंना विचारून माझा ड्रायव्हर तिच्याकडे बसवून दिला. तिच्या चिपच्या नोंदी मी इथून, टेबलाशी बसून वाचतो. सध्या ती माझी हीच खोली करते आहे. बाबा कुठे राहतात ते आईला दाखवायचं आहे. फोनवर खिडकीची उंची, कपाटाचा रंग, सगळं खोदून खोदून विचारलं. टेबलाशी पाठमोरा मीही आहे म्हणे. टक्कल जरा कमी केलंय, असं सांगून खुदकन हसली.

एक आकडा मात्र जुळत नाही. काही ठिपके चिप काढायला घेते, पण पुढे दुसरी वस्तू असल्याने ते दिसत नाहीत. त्यांना मी ‘झाकलेले’ म्हणतो. ठमीच्या खोलीत वस्तू चारच, तरी झाकलेले ढीगभर. मागच्या भिंतीपलीकडे काहीतरी काढलं जात असावं. तिने चित्रातली भिंत बाजूला करून पाहिली. तिथे काही नाही.

१४ मार्च, गुरुवार

रोज वाचतो आहे. झाकलेले घटतात, दिसणारे वाढतात. तिकडे जेवढं कमी, तेवढंच इकडे जास्त. म्हणजे नवं काही येत नाही. आहे तेच पुढे सरकतं आहे. जिराफ म्हणाला, मोजण्यात चूक असेल. इतर चित्रांवर चालवून पाहिलं. चूक नाही. हे फक्त या एका खोलीत होतं.

सकाळी नाम घेता घेता डोळे उघडून कपाटाकडे पाहिलं. असं माझं कधी होत नाही.

१७ मार्च, रविवार

सुट्टी, म्हणून काल आणि आज वाचलं नाही. दुपारी ठमीचा फोन आला. आवाज बारीक झालेला. कालपासून पाठीशी कुणीतरी उभं आहे, मान वळवली की नसतं, म्हणाली. सोबतीला आई येऊन बसली, तर तिलाही तसंच वाटलं. मी लगेच साठलेलं वाचायला घेतलं. वाचत असतानाच ठमी म्हणाली, आता बरं वाटतंय, गेलं बहुतेक.

कुठे गेलं?

झाकलेले एकदम निम्म्यावर आले होते. माझ्यामागे कपाट करकरलं. लाकूड आहे, उन्हाने तापत असेल. पण दुपारी त्या भिंतीपर्यंत ऊन पोचत नाही.

१८ मार्च, सोमवार

ठमीला म्हटलं, चित्र बंद कर. बंद होईना. माझाच नियम: नोंदी उरल्यात तोवर दार मिटत नाही, आणि दार मिटेतोवर चित्रही. जुना नियम परत आणावा, तर दार उघडं असताना ड्रायव्हर बदलता येत नाही. तिने वायरही काढून पाहिली. वायर काढलेली असतानाही ते पाठीशी होतंच, म्हणाली. जोडल्यावर तीच खोली, तोच आकडा.

काकूंना विचारलं, आधीचा माणूस गेला कुठे. म्हणाल्या, भाऊ येऊन घेऊन गेले त्याला; शेवटी शेवटी कपाटाकडे पाठ करून बसायलाच तयार नव्हता.

उरलेलं त्याने टाकून दिलं होतं. टाकलं म्हणून संपत नाही. भिंतीमागे राहतं.

१९ मार्च, मंगळवार

न वाचलं तर तिच्याकडे राहतं. वाचलं की इकडे येतं. मधे तिसरी जागा नाही.

झाकलेलं कमी होईल तशा नव्या नोंदीही कमी येतात. म्हणजे बफर रिकामा होऊ शकतो, तिचं दार मिटू शकतं. सगळं इकडे आल्यावर —

ठमीचा फोन. “बाबा, तुमच्या खुर्चीमागे हा कोण उभा आहे? मी नाही काढला.”

तिला म्हटलं, तू लांब बस, मी वाचून संपवतो. मागे पाहिलं नाही.

२० मार्च, बुधवार

हात जोडले. बायकोशी बोललो. पाण्याची टाकी, मागच्या दाराची कडी, असंच काहीबाही. तिला वेगळं काही जाणवू दिलं नाही.

एका डोळ्याने वाचतो आहे, हात लिहितो आहे. फोन चालू ठेवला आहे —

कपाटाचं दार उघडलं. वळलो तर वाचन थांबेल. वळलो नाही —

पाठ मोकळी झाली, ठमी म्हणते. फोनवर तिच्या आईचं हसू ऐकू आलं. किती दिवसांनी —

झाकलेले शून्य.

सकाळचं ऊन समोरच्या खिडकीतून येतं आहे. तरी कागदावर सावली पडली आहे, मागून —

देवा, लेकीला —

एकच नोंद उरली. मास्तर, ताट स्वच्छ —

वाचली. बंद झालं, ठमी म्हणते. मिटता मिटता चित्रातली खुर्ची रिकामी दिसली, म्हणते. पण मी तर इथेच बस