शेपटीवाला ठिपका

प्रिय शालकबुवा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच केराच्या टोपलीत टाकशील, अशी मला धास्ती आहे. तेवढं करू नकोस. मनातल्या मनात चार शिव्या दे, मग वाच. तीन वर्षांपूर्वी मीच तुला वर्कशॉपमधून हाकललं, आणि आज मीच तुझे पाय धरतोय. वयाने मोठ्या मेहुण्याला हे शोभत नाही, मला कळतं. पण शोभेचे दिवस गेले रे. शनिवारच्या आत ये. बाकी सगळं वाचलं नाहीस तरी एवढं वाच.

दातांच्या डॉक्टरीणबाईंची ती हिरवी, दोन सीटची स्पोर्ट्‌स कार तुला आठवत असेलच. तुझी लाडकी. तू तिला म्हातारी म्हणायचास आणि बॉनेट उघडण्याआधी हात धुऊन यायचास. बाईंच्या वडिलांनी ती ऐन तारुण्यात घेतली होती. आता ते नव्वदीला टेकलेत, आणि येत्या रविवारी बाई त्यांना त्याच गाडीतून डोंगरातल्या रस्त्याने समुद्रापर्यंत नेणार आहेत. खरं सांगायचं तर गाडीला काहीच झालं नव्हतं. इंजिन घड्याळासारखं चालत होतं. पण माझा हेका तुला ठाऊक आहे: बिघडल्यावर कुणीही खोलतं, चालू असताना खोलेल तो मेकॅनिक. बेअरिंग जुनी झालीत, वाटेत दगा देण्याआधी बदलून टाकू, असं मीच बाईंना भरीस घातलं. त्या बिचाऱ्या हो म्हणाल्या. आता वाटतं, हात लावला नसता तर बरं झालं असतं.

जुनी बेअरिंग काढली तर ती झिजून आतलं तांबं दिसायला लागलं होतं, म्हणजे माझा अंदाज खोटा नव्हता. कान अजून शाबूत आहेत. नवी बेअरिंग बसवली, कनेक्टिंग रॉडचे बाराही बोल्ट नवे घातले, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळा ठिपका दिला. आपला रिवाज म्हणताना जीभ अडखळते. एकाने आवळायचं, दुसऱ्याने टॉर्क पाना लावून ‘कट्’ आवाज येतो का बघायचं, आणि ठिपका त्या दुसऱ्यानेच द्यायचा. आवळणाऱ्याने रंगाच्या डबीला हात लावायचा नाही. उस्तादांनी आपल्याला हेच शिकवलं होतं. तू गेल्यापासून दोन्ही कामं मीच करतोय. आवळणारा मी, तपासणाराही मी.

मंगळवारी इंजिनाखालचा तेलाचा चेंबर बंद करायच्या आधी, सहज म्हणून, पुन्हा एकदा पाना लावला. तिसऱ्या सिलिंडरचे दोन्ही बोल्ट नुसते हाताने फिरवलेले. पाना पाव फेरा फिरला तरी कट् म्हणेना. आणि दोन्हींवर ठिपका, वाळलेला, ठसठशीत. तुला काय सांगायचं, एक बोल्ट सैल राहिला की रॉड इंजिन फोडून बाहेर येतो, तेल मागच्या चाकाखाली जातं, आणि डोंगरातल्या वळणावर गाडी कुणाचं ऐकत नाही. त्यात एक नव्वदीचा माणूस आणि त्याची मुलगी. बाराही बोल्ट पुन्हा नवे आणले, पुन्हा आवळले. बुधवारी तपासलं तर पाचव्याचा एक सैल, त्यावरही ठिपका. आज चेंबर उघडाच आहे. मी त्याच्याकडे बघत बसतो, पण हात लावायची हिंमत होत नाही.

दोन महिन्यांपूर्वी मी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. तुझ्या ताईला सांगितलं, पाना आणायला जातोय. डॉक्टरांनी शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितलं, ते जमलं नाही. मग फुशारकीने मी त्यांना हिरवीचे सहाही सिलिंडर पेटायचा क्रम म्हणून दाखवला, एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. त्यांनी विचारलं, सकाळी काय खाल्लं. मला सांगता आलं नाही. जुनं टिकेल, नवं गळत जाईल, आणि पुढे जुन्याचाही भरवसा नाही, असं म्हणाले. लोकांना आयुष्यभर सांगत आलो, बिघडायच्या आधी दाखवायला या. स्वतः मात्र पार खडखडाट होईपर्यंत गेलो नाही. हसू नकोस. किंवा हस, तुझा हक्क आहे.

तुझी ताई बरी आहे. गुडघा दुखतो, माझ्याशी कामापुरतं बोलते. तुझा कप तिने फडताळातून काढू दिलेला नाही. तू गेलास त्या दिवशी ती मला एवढंच म्हणाली होती, की माझा भाऊ ठिपका खोटा देणार नाही. मी तिला गप्प बसवलं होतं.

आता चित्रकलेच्या मास्तरांच्या गाडीविषयी. त्यांच्या इंजिनाचा रॉड निसटला, गाडी कठड्यावर गेली, मास्तर अजून लंगडतात. सगळ्या बोल्टांवर ठिपके होते, ठिपके द्यायचं काम तुझं, म्हणून चार माणसांसमोर मी तुझ्या हातावर बोट ठेवलं. तो तुटका बोल्ट बाटलीत घालून टेबलावरच्या फळीवर ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला, की बघा, आमच्या शालकाची करामत. बुधवारी मी ती बाटली काढली आणि बोल्ट हिरवीच्या बोल्टांशेजारी धरला. तू ठिपका काडीच्या टोकाने द्यायचास, मसुराच्या दाण्याएवढा, गोल. मी ब्रशने देतो, माझ्या ठिपक्याला शेपटी येते. मास्तरांच्या बोल्टवरच्या ठिपक्याला शेपटी आहे. ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तू अर्धा दिवस तिच्याजवळ होतास, आणि त्या अर्ध्या दिवसात शेवटचे चार बोल्ट मीच आवळले, मीच ठिपके दिले.

हे मला बुधवारी कळलं असं लिहून मोकळा होणार होतो. दोनदा तसं लिहिलं आणि फाडलं. मला त्याच दिवशी कळलं होतं रे. गॅरेजची पत जाईल म्हणून मी गप्प बसलो. बाटली फळीवर ठेवतानाच ठिपका भिंतीकडे केला होता, आणि तीन वर्षं पुसताना तो भिंतीकडेच राहील याची काळजी घेतली. पण गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंना मास्तरांची हकिकत सांगताना मी तुझं नाव घेतलं, आणि मला खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. तूच ते केलंस असं मला खरोखर दिसत होतं, तुझ्या हातातल्या काडीसकट. त्या गेल्यावर बाटली फिरवली तेव्हा कुठे भानावर आलो. खोटं मी इतक्या वेळा घोकलंय की शेवटी डोक्यात तेवढंच उरेल, आणि मग तुझी बाजू सांगणारा जगात कुणी उरणार नाही. म्हणून आज, ध्यानात आहे तोवर, लिहून देतोय: मास्तरांच्या गाडीचे ते बोल्ट मी सैल ठेवले, ठिपके मी दिले, तुझा काहीही दोष नाही. हा कागद ताईला दाखव, मास्तरांना दाखव, आणि एक दिवस मी तुझ्याकडे बोट दाखवलं तर मलाही दाखव. शनिवारपर्यंत तू आला नाहीस, तर हिरवी बाहेर पडणार नाही. बाईंना सगळं खरं सांगेन आणि शटर खाली ओढेन. आलास तर पाना तुझ्या हातात देईन, आणि डबीसुद्धा. मी नुसता दिवा धरून उभा राहीन. मास्तरांच्या गाडीचा बोल्ट या पाकिटातच घातलाय. ठिपका बघून घे.

तुझाच अपराधी,
भावोजी