जांभळी नावं

राळेगाव, ३ जुलै २००६
बाप्पा, मले नोकरी लागली! कापूसवाल्याइच्या संघाची वेबसाइट करायची. संघाचे सचिव पुंडलिकराव लय भले. टेबल, कम्प्युटर देल्ला, चहा पाजला, ऑफिसची एकुलती किल्लीही माह्याचपाशी. काम असं: एका पानावर सभासदांची यादी, हरेक नावाले लिंक. नावावर क्लिक केलं का त्या माणसाचं पान उघडते. न उघडलेली लिंक निळी, उघडलेली जांभळी. नमुना म्हून पह्यलं पान माह्या बाबाचं केलं अन् उघडून पाह्यलं. नानाजी, फुलसावंगी. बाकीच्या लिंका शेवटी तपासीन. आमच्या गावच्या रुपीबाईच्या दुकानात फोन लावला. बाबा काठी टेकत आले. ऐकून लय हसले, म्हणाले, आता जगभर माह्यं नाव!

१२ जुलै
दोनशे चाळीस नावं झाली. जेवून आली तं देवीलालची लिंक जांभळी. मी उघडली नव्हती. चुकून हात लागला असन.

१३ जुलै
पुंडलिकराव सांगत होते, देवीलाल गेले. काल दुपारी वावरात सापडले. पान काढू का, मी विचारलं. राहू दे म्हणाले. मी पुढचं नाव टाइप केलं.

२० जुलै
सकाळी किसनसिंगची लिंक जांभळी. दुपारी खबर आली. मले रडू आलं नाही. डबा खाल्ला, भाजीत मीठ नव्हतं.

२४ जुलै
आणखी दोघं. पुंडलिकरावाले सारं सांगतलं. पोरी, घरी जाऊन ये, म्हणाले. मंग हळूच विचारलं, माह्यं नाव कोणत्या रंगाचं? निळं, म्हटलं. ते खुर्चीत बसले ते बसलेच.

२५ जुलै
बाबाचं नाव पह्यल्या दिवसापासून जांभळं. मीच उघडलं होतं. आता कसं कळन? ओळ खोडली, सेव्ह केली. नाव तिथंच. तीनदा खोडली. मी कायले टाकलं बाबाचं नाव? दुसरं कोणाचं सुचलं काहून नाही?

२६ जुलै, सकाळ
कम्प्युटरची हिस्टरी, म्हंजे काय काय उघडलं त्याची नोंद, पुसली का सारे रंग जातात. पुसली. देवीलाल निळे. किसनसिंग निळे. सारी यादी निळी —

एक सोडून.

फोन लावला. रुपीबाई म्हणाली, थांब, बोलावून आणतो. रिसीव्हर कानाशी धरून लिहून राह्यली. थांबली हाय. अजून —

पाय वाजले. कोणी पळत येऊन राह्यलं. एकच जण. काठीचा आवाज ना