भिंतीपलीकडची हाक

त्रिनी,

तुझा पत्ता कुणालाच ठाऊक नाही, तरी लिहिते आहे.

माद्रिदच्या माळावर आपल्या दोन झोपड्यांना पत्र्याची भिंत एकच होती. तू जिप्सी, मी खेड्यातून पोट भरायला आलेली, पण नळावर दोघींच्या बादल्या एकाच रांगेत. तुझा थोरला तापाने गेला तेव्हा मीही तुझ्याइतकीच रडले. दोन महिन्यांनी मला मुलगा झाला, आणि मी त्याला तुझ्या लेकराचं नाव ठेवलं. आमच्यात गेलेल्यावर माया करायची ती अशीच.

नाव ऐकलंस आणि हातातलं पातेलं तिथेच ठेवून तू आत गेलीस. तुझी सासू म्हणाली, "अगं बये, आमच्यात मेलेल्याचं नाव कुणी तोंडी आणत नाही. तू तर दिवसातून वीसदा त्याच नावानं हाका मारणार, त्याही भिंतीपलीकडून."

आठवड्याभरात तुम्ही झोपडी मोडून गेलात. लोक म्हणाले, "जिप्सीच ते, एका जागी टिकतात होय?" खरं कारण माझ्या पाळण्यात निजलं होतं. पुढे वस्ती पाडली, आम्हाला पक्कं घर मिळालं. थांबला असतात तर यादीत तुमचंही नाव लागलं असतं.

पोर आता अकरा वर्षांचं आहे. जेवायला बोलवायचं तर मी भिंतीवर टकटक करते. परवा त्यानं विचारलं, "आई, मला नाव नाही का गं?"

मी म्हटलं, "आहे रे राजा. पण ते दुसऱ्याचं आहे, मी न विचारता घेतलं."

तुझी भिंतीपलीकडची,
फुएनसांता